डबा पुन्हा पुन्हा अंधारात जातो: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

महिन्याभरात एकाच डब्याची तक्रार तिसऱ्यांदा आली तेव्हा मामांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "साहेब, बॅटरी गेली."

"मामा, परवाच तर बदलली ना?"

"म्हणूनच म्हणतो. हल्लीच्या बॅटऱ्यांत राम नाही राहिला."

मामा आमच्या डेपोतले सगळ्यात जुने टी.एल. फिटर. टी.एल. म्हणजे ट्रेन लाइटिंग. डब्यातले दिवे, पंखे, चार्जिंगचे पॉइंट आणि त्या सगळ्यांना पोसणारी डब्याखालची यंत्रणा, हे आमचं खातं. डबा मंद पडला की रजिस्टरात 'डिम कोच' लिहायचं, पार विझला की 'डार्क कोच'. आणि कारणाच्या रकान्यात दहापैकी आठ वेळा एकच शब्द: बॅटरी. ती साखळीच्या शेवटी असते आणि दिवे तिच्यावरच जातात, त्यामुळे खापर तिच्यावर फोडणं सोपं असतं. पण बॅटरी बदलून डबा आठ दिवस चालतो आणि नवव्या दिवशी पुन्हा अंधार होतो, तेव्हा आपण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असला प्रकार करत असतो. हे लिहितोय ते अशाच परत परत येणाऱ्या डब्यांसाठी. ज्याची बॅटरी खरोखर म्हातारी झाली आहे तो डबा ती एकदा बदलली की सुधारतो, त्याची चिंता नको.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आयसीएफ (चेन्नईच्या पेरांबूरचा इंटिग्रल कोच फॅक्टरी हा कारखाना) धाटणीच्या साध्या, बिनवातानुकूलित डब्यात 'आणीबाणीचे दिवे' अशी वेगळी व्यवस्था सहसा नसते. गाडी थांबलेली असताना जो दिवा जळतो तो बॅटरीवरच जळतो, आणि बोगद्यात गाडी अडकली तरी तोच दिवा, तीच बॅटरी. पेरांबूरच्या कारखान्यातून या धाटणीचा शेवटचा डबा २०१८ मध्ये बाहेर पडला, पण जुने डबे अजून धावताहेत, आणि त्यातले पुष्कळसे पॅसेंजर गाड्यांना आहेत.

साखळी अशी. चाकाच्या आसावर एक मोठी पुली, तिच्यावरून चार व्ही-बेल्ट ४.५ किलोवॅटच्या अल्टरनेटरला, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्राला, फिरवतात. तिथली वीज रेक्टिफायर-रेग्युलेटरमधून, म्हणजे व्होल्टेज काबूत ठेवणाऱ्या आताच्या ईआरआरयू पेटीतून, डीसी होऊन बाहेर पडते: १२० व्होल्टला जास्तीत जास्त ३७.५ अँपिअर. ती डब्याचे दिवे-पंखे चालवते आणि उरलेली बॅटरीत जाते. बॅटरी ११० व्होल्टची, १२० अँपिअर-तासांची, शिशाची. एकेक सेल दोन व्होल्टचा, म्हणजे पन्नासहून जास्त सेल ओळीने जोडलेले. एकाने दगा दिला तरी सगळी रांग लंगडते.

आता पॅसेंजर गाडीचं दुखणं बघा. हा अल्टरनेटर ताशी वीसेक किलोमीटरच्या खाली काही देत नाही. पूर्ण ताकद यायला पस्तीसच्या आसपास वेग लागतो. एक्स्प्रेसला याचं काही वाटत नाही. पॅसेंजर मात्र दर सहा-सात किलोमीटरला थांबते, कुठेतरी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेऊन मागच्या एक्स्प्रेसला पुढे काढतात, तिथे पाऊण तास जातो, घाटाखाली मागून ढकलणारं बँकर इंजिन लागायची वाट बघावी लागते. तेवढा सगळा वेळ बॅटरी देतच असते, घेत काहीच नाही. यंत्रणा धडधाकट असेल तर धावण्याच्या वेळात ही तूट भरून निघते. पंख्यांचे १०-११ अँपिअर आणि एलईडी दिव्यांचे तीनेक धरा, तरी भरायला वीसेक अँपिअर हातात राहतात. पण बेल्ट थोडे जरी घसरत असतील तरी ही शिल्लक पहिली जाते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि ते कुणाला दिसतही नाही, कारण दिवे जळत असतात. बॅटरी रोज संध्याकाळी कालच्यापेक्षा थोडी रिकामी निघते, एवढंच. आठव्या-नवव्या दिवशी हिशेब बाहेर येतो.

दिवे कसे गेले, हे आधी विचारा

डब्याखाली वाकण्यापूर्वी गार्डला, गाडीसोबत जाणाऱ्या एस्कॉर्टिंग स्टाफला, जमलं तर एखाद्या रोजच्या प्रवाशाला विचारा. 'दिवे गेले' एवढ्यावर समाधान मानू नका. कसे गेले, यात अर्धं निदान असतं.

गाडी थांबली की मंद आणि सुटली की पुन्हा लख्ख, असं असेल तर अल्टरनेटर ठीक आहे. दोष बॅटरीत, तिच्या जोडण्यांत किंवा बॅटरीच्या फ्यूजमध्ये. थांबल्यावर एकदम पूर्ण अंधार आणि सुटल्यावर एकदम पूर्ण उजेड, असं असेल तर बहुतेक बॅटरी सर्किटमधून सुटलेलीच आहे. फ्यूज गेलाय किंवा कनेक्टर निखळलाय. बॅटरी चांगली असूनही!

सुटताना लख्ख होते, मग दोन-तीन तासांत हळूहळू पिवळे पडत गेले, पंखे मंदावले, धावतानाही फरक नाही: निर्मितीच होत नाहीये. बेल्ट, अल्टरनेटर, ईआरआरयू या क्रमाने बघा. यात बॅटरी निर्दोष असते, उलट तिने तीन तास किल्ला लढवलेला असतो. आपण मात्र तिलाच काढून टाकतो.

डब्याचा एक भागच गेला, बाकी ठीक: ते वितरण फ्यूजचं किंवा एमसीबीचं (दोष आला की आपोआप पडणाऱ्या स्विचचं) काम, पाच मिनिटांचं. दिवे लुकलुकतात, रुळांचा सांधा आला की झटका बसतो: सैल जोडणी, बहुधा डब्याखालच्या जंक्शन बॉक्समध्ये. आणि शेजारचा डबाही त्याच वेळी मंद झाला होता का, हा प्रश्न कधीही विसरू नका. तो मी विसरलो होतो. त्याची कथा पुढे येतेच.

मीटर खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतं

पिट लाइनवर, म्हणजे डबा खालून तपासायच्या खड्ड्याच्या रुळावर, गाडी आली, फिटरने बॅटरीच्या टोकांना मल्टीमीटर लावला, ११० दिसले, 'ओके' लिहिलं. ही तपासणी मी बाद धरतो. भार नसताना मरणाच्या दारातली बॅटरीही शंभराच्या वर दाखवते. रिकाम्या हाताने बसलेल्या माणसाकडे बघून तो पोतं उचलेल की नाही, हे कळत नाही.

बॅटरीला ती ज्या अवस्थेत वापरायची आहे त्याच अवस्थेत तपासा. चार्जर काढा. शेजारच्या डब्याशी काही जोडलेलं असेल तर ते काढा. मग सगळे दिवे आणि सगळे पंखे लावा आणि अर्धा तास तसंच ठेवा. सुरुवातीला, दहा मिनिटांनी आणि तीस मिनिटांनी व्होल्टेज लिहा. चांगली बॅटरी पहिल्या मिनिटाला थोडी खाली येते आणि मग तिथेच ठाण मांडून बसते. आजारी बॅटरी पायऱ्या उतरल्यासारखी उतरत राहते.

खरं काम पुढे. भार चालू ठेवूनच, एकेका सेलवर किंवा एकेका ब्लॉकवर मीटर लावत जा. दोन व्होल्टच्या सेलला १.८ ही खालची हद्द. बाकी सगळे १.९५ ते २ च्या दरम्यान आणि मधलाच एखादा १.६ किंवा १.२, तर चोर सापडला. कधी कधी एखादा सेल उलटासुद्धा दाखवतो, मीटरवर वजा येतं. तो सेल भार वाहत नाहीच, उलट दुसऱ्यांनी ओढलेल्या गाडीत पाय घासत बसलेला असतो. पाणी घालायच्या बॅटऱ्या असतील तर आतल्या आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटरही लावा, पण एकट्या सेलचा आकडा बघून काही ठरवू नका. सगळ्या रांगेत कोण वेगळा पडतो ते बघा.

दोन सेलमधल्या पट्ट्यांवर हात ठेवा. म्हणजे भार बंद करून, हाताच्या पाठीने. एखादी पट्टी कोमट लागली तर तिथला नट सैल आहे किंवा खाली पांढरा-हिरवा गंज धरलाय. पितळी ब्रशने घासून, नट आवळून, पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवलं की पंधरा मिनिटांत बॅटरी 'नवी' होते. असे डबे मी बॅटरी बदलण्याच्या यादीतून परत आणलेत.

हे करताना हातातलं कडं, अंगठी, घड्याळ खिशात. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन हवंच. ११० व्होल्टला शॉक जेमतेम लागतो असं म्हणणारे भेटतात, पण पाना दोन टोकांत आडवा पडला की जो प्रकाश पडतो तो त्या डब्यात महिनाभरात पडला नसेल. चार्ज होताना हायड्रोजनही निघत असतो, तेव्हा बॅटरी बॉक्सजवळ बिडी नको. आणि रेकच्या, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या रांगेच्या, दोन्ही टोकांना लाल झेंडी लागल्याशिवाय कुणीही डब्याखाली शिरायचं नाही. मामासुद्धा नाही.

बेल्ट: चार आहेत म्हणजे चारही काम करतात असं नाही

बेल्ट मोजणं आणि बेल्ट बघणं यात फरक आहे. चारही जागेवर आहेत, ठीक. आता प्रत्येक बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबा. एक कडक, दुसरा लिबलिबीत असेल तर कडक बेल्ट एकटा राबतोय. हे कशाने होतं? एक बेल्ट तुटला म्हणून एकच नवा टाकला, बाकी जुने ताणलेले तसेच. किंवा वेगवेगळ्या ग्रेडचे बेल्ट एकत्र आले. बेल्टवर आकाराबरोबर ग्रेडचा आकडाही छापलेला असतो. एका संचात सगळ्यांचा तो सारखा हवा. सारखा संच स्टोअरमध्ये नसेल तर आहे ते घालून गाडी काढावी लागते हे मान्य, पण मग तसं रजिस्टरात लिहा, म्हणजे पुढच्या खेपेला संच पूर्ण बदलता येईल.

नवा बेल्ट पहिल्या फेरीत ताणतो. एकदा गाडी जाऊन आली की तो पुन्हा आवळायचा. हे सगळ्यांना पाठ आहे आणि जवळजवळ कुणीच करत नाही.

घसरणाऱ्या बेल्टची खूण म्हणजे पुलीभोवती उडालेली काळी भुकटी आणि बेल्टच्या कडेला आलेली आरशासारखी चकाकी. आणखी एक जागा लोक सोडतात: खुद्द आसावरची पुली. ती दोन अर्धुकांची असते, आसावर बोल्टने कसलेली. बोल्ट सैल झाले की आस फिरतो आणि पुली मागे राहते. म्हणून आस आणि पुली दोन्हींवरून जाणारी पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवतात. पुढच्या वेळी ती रेघ तुटलेली दिसली, म्हणजे अर्धी आसावर इथे आणि अर्धी पुलीवर तिथे, की बेल्टकडे बघायचीही गरज नाही. दोन रुपयांचा रंग आहे. रेघ ओढा.

दोन दिव्यांची परीक्षा

डबा यार्डात उभा, सगळे स्विच बंद, तरी सकाळी बॅटरी उतरलेली. म्हणजे कुठेतरी गळतंय. डब्यातली दोन तारांची व्यवस्था डब्याच्या लोखंडापासून पूर्ण अलग असते. एका तारेला लोखंड लागलं तर लगेच काही होत नाही, म्हणून ते कळतही नाही. दुसऱ्या तारेलाही लागलं की गळती सुरू, नाहीतर थेट फ्यूज.

यासाठी मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लागतो हे खरं, पण मामांचं हत्यार वेगळं आहे आणि मला ते जास्त आवडतं. ११० व्होल्टचे सारख्या वॅटचे दोन दिवे एकामागे एक जोडायचे. एक टोक धन तारेला, दुसरं ऋण तारेला. दोन्ही दिवे सारखे, अर्धवट पेटतात. आता दोन दिव्यांच्या मधल्या सांध्याची तार डब्याच्या लोखंडाला, रंग खरवडून, टेकवायची. दिवे तसेच राहिले तर डबा स्वच्छ. एक दिवा मंदावला किंवा विझला आणि दुसरा भक्कन पेटला, तर ज्या बाजूचा दिवा विझला त्या बाजूच्या तारेला लोखंड लागलंय. मग मधली तार तशीच धरून एकेक सर्किटचा फ्यूज काढत जायचा. ज्या फ्यूजला दोन्ही दिवे पुन्हा सारखे होतील, त्या सर्किटमध्ये दोष. कागदावर हे वाचायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात मामा सर्किट सांगतात.

पावसाळ्यात हा दोष जास्त भेटतो. शौचालयाच्या दिव्यात नळीने धुतलेलं पाणी शिरलेलं असतं, डब्याखालच्या टर्मिनल बॉक्सचं रबर उडालेलं असतं, नाहीतर मोबाइल चार्जिंगच्या पॉइंटमध्ये कुणीतरी काहीतरी कोंबलेलं असतं.

त्या डब्याचं काय झालं

आता सुरुवातीचा डबा. त्याची बॅटरी दोनदा बदलली होती. बेल्टचा संच सारखा, नीट आवळलेला. पुलीवरची रेघ सलग. दोन दिव्यांची परीक्षा पास. ईआरआरयू बरोबर व्होल्टेज देत होता. सगळं ठीक आणि डबा आठवड्याने पुन्हा अंधारात. भुताटकीच म्हणायची.

शेवटी एका रात्री मी त्याच डब्यातून गेलो. दाराजवळच्या बाकावर, मांडीवर मीटर, समोर एक आजी गाठोड्यावर डोकं टेकून. पहिले दोन तास काही नाही. मग एका स्टेशनावर गाडी लूपला लागली. वीस मिनिटांत दिवे पिवळे पडायला लागले. पंखा इतका हळू फिरायला लागला की पाती मोजता यावीत. आजी उठून म्हणाल्या, "मास्तर, रोजचंच आहे हे. पलीकडच्या डब्यात पण असंच होतं. मागच्या खेपेला उठून तिकडं गेले तर तिथं पण काळोख."

पलीकडच्या डब्यात पण. मी उतरून बघितलं. खरंच, दोन डबे सारखेच मंद, आणि त्यांच्या पुढचे-मागचे लख्ख.

सकाळी डेपोत येऊन मी रजिस्टर उघडलं. आमचं रजिस्टर डब्याच्या क्रमांकाने लावलेलं. आमच्या डब्याच्या पानावर तीन तक्रारी, शेजारच्या डब्याच्या पानावर दोन. दोन पानांमध्ये चाळीस पानांचं अंतर. एका कागदावर सगळ्या तक्रारी तारखेने उतरवून काढल्या. शेजारच्या दोन्ही तारखा आमच्या तिन्हींत होत्या.

आयसीएफ डब्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींवर बाहेरून ईएफटी असतात, इमर्जन्सी फीड टर्मिनल. एखाद्या डब्याची निर्मिती वाटेत बंद पडली, बेल्ट पडले, तर शेजारच्या डब्यातून दोन तारा या टर्मिनलना जोडून त्याला उजेड उसना द्यायचा, ही सोय. उत्तम सोय आहे. आमच्या दोन डब्यांच्या मध्ये ती जोडणी लागलेली होती. काळ्या, धुळीने माखलेल्या दोन तारा, ब्रेकच्या होजपाइपांच्या गर्दीत. कधीतरी वाटेत कुणीतरी शेजारच्या डब्याचे बेल्ट पडले म्हणून जोडल्या असणार. पुढे बेल्ट बसले, तारा राहिल्या. पिटवर प्रत्येकाने त्या बघितल्या होत्या. मामांनी, मी, दोन शिफ्टच्या पोरांनी. प्रत्येकाला वाटलं, मुद्दाम लावल्या असतील.

तारा काढल्या आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या भारावर लावल्या. आमची ठणठणीत. शेजारची पहिल्या दहा मिनिटांत ढेपाळली. तिचे दोन सेल आतून शॉर्ट होते. दोन सेल गेले म्हणजे तिचं व्होल्टेज चारेक व्होल्टने कायम कमी. जोडणी असल्यामुळे आमची बॅटरी आपल्या डब्याचा भार तर वाहत होतीच, वर शेजाऱ्याचाही बराचसा वाहत होती आणि यार्डात उभी असताना रात्रभर त्या आजारी बॅटरीला भरवत होती. शेजाऱ्याची दिवाळी, आपलं दिवाळं. आणि पिटवर शेजारच्या डब्यात मीटर लावला की आमच्याच बॅटरीचं व्होल्टेज दिसायचं! त्यामुळे तो डबा दर वेळी 'ओके' आणि आमचा दर वेळी गुन्हेगार. दोनदा बदललेल्या दोन्ही बॅटऱ्या चांगल्या होत्या. त्या भंगारात जायच्या आधी परत मागवल्या.

तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. ईएफटीची जोडणी करणाऱ्याने त्या तारेला खडूने तारीख घातलेला पत्रा बांधायचा आणि डेपोत आल्यावर कारण दूर झालं की आधी ती जोडणी काढायची. आणि रजिस्टराच्या शेवटी एक पान रेकचं: डबे ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने, तारीखवार. जोडीने होणारे आजार त्या पानावर लगेच दिसतात.

एलएचबी डबे: इथे प्रकार वेगळा

एलएचबी, म्हणजे मूळ जर्मन धाटणीच्या नव्या डब्यांत, वीज डब्याखाली तयार होत नाही. ती ७५० व्होल्टने पॉवर कारमधून (गाडीला लावलेल्या जनरेटरच्या डब्यातून) किंवा थेट इंजिनातून येते. यात ११० व्होल्टची बॅटरी असते ती खऱ्या अर्थाने आणीबाणीची. मुख्य वीज असेपर्यंत तिला कुणी विचारत नाही आणि घोटाळा तिथेच होतो. बॅटरी चार्जरचा एमसीबी कधीतरी पडतो. डबा लख्ख असतो, कुणाला काही कळत नाही. दिवस जातात. मग एखाद्या रात्री मुख्य वीज जाते आणि बॅटरीत काही शिल्लक नसतं.

इंजिनातून वीज घेणाऱ्या गाडीत मात्र एक फुकटची परीक्षा दर प्रवासात होत असते. २५ हजार व्होल्टच्या ओव्हरहेड तारेत दोन उपकेंद्रांचे पुरवठे एकमेकांना भिडू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर न्यूट्रल सेक्शन, म्हणजे वीज नसलेला तारेचा तुकडा, असतो. तिथे लोको पायलट सर्किट ब्रेकर उघडतो आणि डब्यांची वीज काही सेकंद जाते. प्रवाशांना वाटतं बिघाड झाला. बिघाड नाही. पण त्या काही सेकंदांत दारापाशी, शौचालयाजवळ, मार्गिकेत थोडे दिवे टिकले पाहिजेत. ते टिकले तर डबा पास. मिट्ट काळोख झाला तर आणीबाणीचं सर्किट मेलेलं आहे आणि आज ना उद्या इंजिन बदलताना, गाडी उलट फिरताना, ते मिनिटांच्या हिशेबात उघडं पडणार. एस्कॉर्टिंगला जाणाऱ्या पोरांना मी सांगतो, न्यूट्रल सेक्शनला मोबाइल खाली ठेवा आणि डब्यात मान वर करून बघा.

काही सेकंदांची परीक्षा पुरेशी नाही, कारण अर्धमेली बॅटरीही तेवढी तग धरते. म्हणून डेपोत स्विचबोर्डच्या कपाटातून मुख्य पुरवठा बंद करून बॅटरीवरचे दिवे किती वेळ टिकतात ते घड्याळ लावून बघा. युरोपच्या नियमांत आणीबाणीचे दिवे किमान ९० मिनिटं आणि ताशी २५० किलोमीटर किंवा त्याहून वेगवान गाड्यांत तीन तास टिकावे लागतात, जमिनीलगत किमान ५ लक्स उजेडासह. मला आपल्याकडे दीड तास कमीच वाटतो. २६ जुलै २०१९ च्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी दुसऱ्या दिवशी बाहेर काढले गेले. रुळ पाण्याखाली, बाहेर काळोख, तिथे दीड तासाने काय होणार? चार्जर चालू आहे ना, हे दर फेरीला बघायला एक मिनिट लागतो. ७५० व्होल्टच्या पेटीला मात्र पुरवठा बंद असल्याची खात्री केल्याशिवाय हात नाही. इथे ११० व्होल्टची सवय जीवावर बेतते.

यार्डातली सवय

हे लिहायला लाज वाटते, पण परत येणाऱ्या तक्रारींपैकी काहींचं कारण एवढंच असतं की रेक दिवसभर यार्डात उभा होता आणि डब्याचे दिवे-पंखे चालू राहिले. झाडायला आलेल्यांना उजेड हवा असतो, दुपारी कुणी पंख्याखाली आडवं झालेलं असतं. १२० अँपिअर-तासांतून १४ अँपिअर गेले तर कागदावर साडेआठ तास, प्रत्यक्षात सहा-सात. संध्याकाळी गाडी फलाटावर लागते तेव्हा बॅटरी रिकामी आणि समोर पॅसेंजरचे पन्नास थांबे. त्यात आता एलईडी दिव्यांना थोडीच वीज लागते, त्यामुळे कमी व्होल्टेजलाही ते बऱ्यापैकी जळतात आणि बॅटरी खाली गेलेली डोळ्यांना कळत नाही. जुना पिवळा बल्ब निदान रडून सांगायचा. आता पंख्याकडे बघा. पंखा हळू झाला की समजायचं.

प्रवाशांसाठी

डबा मंद पडला तर १३९ वर किंवा रेलमदतवर कळवा. कळवताना एस-पाच किंवा 'इंजिनापासून चौथा' एवढंच सांगू नका. डब्याच्या भिंतीवर बाहेरून पाच-सहा आकड्यांचा क्रमांक रंगवलेला असतो, तो सांगा. पहिले दोन आकडे डबा बनल्याच्या वर्षाचे. डेपो त्याच क्रमांकाने डबा ओळखतो. आणि तीन गोष्टी लिहा: थांबल्यावर मंद होतो की धावतानाही, पंखेही मंद झाले का, शेजारचा डबा कसा आहे. त्या आजींनी शेवटची गोष्ट सांगितली नसती तर आमची तिसरी बॅटरीही गेली असती.

मामांनी त्या दोन काळ्या तारा फेकल्या नाहीत. धुऊन, गुंडाळून त्यांच्या कपाटात खिळ्याला टांगल्यात. नवीन पोरगं रुजू झालं की आधी त्या दाखवतात आणि विचारतात, "हे काय आहे, सांग?" बहुतेक पोरं म्हणतात, "तारा." मामा म्हणतात, "दोन बॅटऱ्या आहेत त्या. जा, आता ईएफटी कुठे असतं ते बघून ये."